मानसरोगांचे संकेतांक आणि आपला केसपेपर

साधारण २०११ सालची गोष्ट आहे. शेजारच्या तालुक्यातील एक शिक्षक आपल्या २२ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या चिकित्सालयात आले. दहा-बारा रात्री तिला झोप नव्हती. बोलणे अखंड चालू होते, विषयाला विषय जुळत नव्हता, ताटावरून अर्धवट उठणे, मध्येच रडू येणे आणि बरोबरीने मलावष्टंभ. महिन्यापूर्वी घरात एक मृत्यू झाला होता व त्याच आठवड्यात तिची परीक्षाही होती. नाडी, जिह्वा, त्वचा सर्वत्र वाताची साक्ष होती. मी केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिले, 'वातज उन्माद'. कल्याणक घृत, शिरोभ्यंग, पादाभ्यंग, रात्री म्हशीचे दूध अशी योजना केली आणि जिल्ह्याच्या गावी असलेल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडेही तिला पाठविले. त्यांनी काही आठवडे अल्प मात्रेत औषध दिले. दोन-अडीच महिन्यांत मुलगी पूर्ववत झाली. पुढे तिने शिक्षण पूर्ण केले व नोकरीलाही लागली.

२०१४ साली तेच गृहस्थ एकटे आले. हातात माझाच जुना केसपेपर होता. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यातला एवढा एक शब्द बदलून द्याल का?" मुलीचे लग्न ठरत आले होते. मुलाकडच्यांना दवाखान्याच्या कागदांची फाईल दिसली. त्यात मनोविकारतज्ज्ञांचा कागदही होता, पण त्यावर निदानाच्या जागी फक्त 'एफ ४३.२' असे लिहिलेले होते. त्याविषयी कोणी एक अक्षर विचारले नाही. माझ्या कागदावर मात्र देवनागरीत 'उन्माद' होते आणि तो शब्द वाचण्यासाठी कोणत्याही पदवीची गरज नव्हती. "तुम्ही तिला वेडी लिहिलंत," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळे ते मला अधिक लागले.

नोंद मी बदलली नाही, बदलता येतही नव्हती. तिच्या सद्यःस्थितीचे वेगळे पत्र दिले. त्याचा उपयोग झाला नाही.

'एफ ४३.२' हा आय.सी.डी.-१० मधील संकेतांक. एखाद्या तणावकारक घटनेशी जुळवून घेताना उत्पन्न होणाऱ्या मर्यादित काळाच्या विकारासाठी तो वापरतात. घरातील मृत्यू, परीक्षा, त्यानंतरची निद्रानाशाची अवस्था हे सर्व त्या चार खुणांत नेमके बसले होते. माझ्या एका भारदस्त शब्दात ते बसले नव्हते. 'उन्माद' लिहिण्याइतकी व्यक्त अवस्था तेव्हा होती का, हा प्रश्न मी स्वतःला त्या दिवशी प्रथम विचारला. प्रामाणिक उत्तर असे की, नव्हती.

हे आज लिहिण्याचे कारण आपल्या सर्वांसमोर आहे. आयुष मंत्रालयाने २०१७ साली 'नमस्ते' हे पोर्टल सुरू केले आणि आयुर्वेद, सिद्ध व युनानी या तिन्ही शास्त्रांतील व्याधिनामांना प्रमाणित संज्ञा व संकेतांक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेची आय.सी.डी.-११ ही सुधारित आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्या पारंपरिक वैद्यकाच्या २६ व्या प्रकरणात प्रथम फक्त चीन, जपान, कोरिया या परंपरांतील संज्ञा होत्या. आपल्या तीन शास्त्रांचा दुसरा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी दिल्ली येथे प्रकाशित झाला. विम्याच्या दावा-अर्जात संकेतांकाची चौकट तर कित्येक वर्षांपासून आहे. ज्यांच्याकडे अंतरंग विभाग आहे त्यांना ती चौकट परिचित आहे, इतरांना लवकरच होईल.

या विषयावर आपल्या बैठकांत दोन प्रकारची मते ऐकू येतात. ज्येष्ठ मंडळींपैकी काहींना ही सारी कारकुनी वाटते. व्याधीचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाजू नये, कारण सर्व विकारांना निश्चित नावे असतातच असे नाही, हा चरकाचार्यांचा सूत्रस्थानातील अठराव्या अध्यायातील अभिप्राय ते आधारासाठी पुढे करतात. आधार उत्तम आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. त्याच ठिकाणी आचार्य पुढे दोषाची प्रकृती, अधिष्ठान आणि हेतुविशेष जाणून चिकित्सा करावयास सांगतात. नाव नसले तरी चालेल, विचार नसला तर चालणार नाही, असा तो दंडक आहे. केसपेपर कोरा ठेवण्याची सवलत त्यात मला कोठे दिसली नाही.

दुसरे मत तरुण वैद्यमित्रांचे आहे. संगणकात आपले व्याधिनाम टाकले की शेजारी आय.सी.डी.चा आकडा आपोआप उमटावा, म्हणजे काम झाले, असे त्यांना वाटते. आमवात, अर्श, कामला अशा व्याधींत या सोयीने फार मोठे नुकसान होईल असे नाही. मानसरोगांत मात्र ही आपोआप होणारी जोडणी मला धोक्याची वाटते. त्याचे कारण आपल्याच ग्रंथांत आहे.

चरकाचार्यांनी उन्मादाचे स्वरूप सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. इतकी व्यापक व्याख्या आजच्या कोणत्याही एका मनोविकाराची नाही. अकारण हसणारा, गाणारा, अंगविक्षेप करणारा वातज उन्मादाचा रुग्ण. संतापून अंगावर धावून येणारा पित्तज उन्मादाचा रुग्ण. आणि एका जागी मौन धरून बसलेला, अन्नाचा द्वेष करणारा, एकांतप्रिय, निद्राळू असा कफज उन्मादाचा रुग्ण, हे तिघे आपल्याकडे एका नावाखाली येतात. आय.सी.डी.-११ च्या सहाव्या प्रकरणात हेच तिघे तीन वेगळ्या गटांत जाऊ शकतील. तिसऱ्याच्या नावापुढे कदाचित '६ए७०' म्हणजे अवसादाची एक अवस्था अशी नोंद होईल, पहिल्याच्या नावापुढे द्विध्रुवी विकाराची. मग संगणकात 'उन्माद' लिहिल्यावर शेजारी 'स्किझोफ्रेनिया' उमटला, तर तो कोणाचा? माझ्या त्या विद्यार्थिनीच्या नावापुढे तो उमटला असता तर?

याच्या उलट, त्यांची नावे दर पिढीत बदलतात व आपली दोन हजार वर्षे अढळ आहेत, असेही आपण अभिमानाने म्हणतो. आय.सी.डी.त बदल झाले हे खरेच. समलैंगिकता हा रोग नाही हे मान्य करून १९९० साली ती दहाव्या आवृत्तीतून वगळली गेली. अकराव्या आवृत्तीत निद्राविकारांना मनोविकारांतून बाहेर काढून स्वतंत्र सातवे प्रकरण देण्यात आले. पण आपल्या घरात तरी पूर्ण एकमत कोठे आहे? चरकाचार्यांचे उन्माद पाच, पाचवा आगंतु. सुश्रुताचार्यांचे सहा, त्यांत मानसदुःखजन्य आणि विषजन्य असे दोन स्वतंत्र. शोकाने उत्पन्न झालेल्या विकाराला वेगळी ओळख देणारी ही सुश्रुताची दृष्टी मला आज फार मोलाची वाटते. मी त्या मुलीच्या वेळी उत्तरतंत्र उघडून पाहिले असते तर निदान 'वातज' तरी लिहिले नसते.

अपस्मार हे याहून अवघड उदाहरण. आपण तो उन्मादाच्या पाठोपाठ शिकतो व मानसरोगांच्याच पंक्तीत बसवितो. चरकाच्या निदानस्थानात सातवा अध्याय उन्मादाचा तर आठवा अपस्माराचा. आय.सी.डी. त्याच्या सदृश व्याधीला मज्जासंस्थेच्या रोगांत ठेवते, दहाव्या आवृत्तीत 'जी ४०' व अकराव्या आवृत्तीत आठव्या प्रकरणात. स्मृतीचा अपगम व तमःप्रवेश पाहून आचार्यांनी जे वर्गीकरण केले ते चिकित्सेसाठी योग्यच आहे. प्रश्न चिकित्सेबाहेरचा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराचाही उल्लेख विवाहाच्या अटींत आला होता. तो एक शब्द १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला. म्हणजे त्या आधीची २३ वर्षे फेफरे येणारा माणूस आणि मनोरुग्ण यांना कायदा एकाच वाक्यात बसवीत होता. आज फिट येणाऱ्या, औषधाने पूर्ण नियंत्रणात असलेल्या रुग्णाची नोंद आपण 'मानसरोग' या शीर्षकाखाली केली, तर कायद्याने पुसलेली रेघ आपण आपल्या रजिस्टरात पुन्हा ओढतो. म्हणून संप्राप्ती लिहिताना मनोवह स्रोतस जरूर लिहावे. शेजारचा संकेतांक मात्र मज्जासंस्थेचाच असावा.

जाता जाता एक गंमत नोंदवितो. आपल्या ओ.पी.डी.त 'धातू जाते' म्हणून येणाऱ्या तरुणांची संख्या वाचकांना सांगावयास नको. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या अवस्थेला 'धात सिंड्रोम' हे नाव दिले व पुढे आय.सी.डी.-१० मध्ये 'एफ ४८.८' या इतर विकारांच्या किरकोळ कप्प्यात तिला जागा मिळाली. शुक्रधातूविषयीची आपली कल्पना जागतिक सूचीत पोहोचली ती अशी मागच्या दाराने! आता पुढचे दार उघडले आहे, तर आत काय घेऊन जावयाचे ते आपण ठरवावयाचे आहे.

२६ व्या प्रकरणाविषयी एक नियम सर्वांनी ध्यानात ठेवावा. हे प्रकरण पूरक आहे. त्यातील संकेतांकाबरोबर इतर प्रकरणांतील एक संकेतांकही द्यावा अशी अपेक्षा आहे आणि मृत्यूच्या कारणाची नोंद करताना हे प्रकरण वापरावयाचे नाही. म्हणजे दुहेरी नोंद. एका बाजूला आपले निदान, दुसऱ्या बाजूला त्यांचे. यात एकाचे दुसऱ्यात भाषांतर करावे असे कोठेही म्हटलेले नाही. एकाच रुग्णाकडे दोन ठिकाणी उभे राहून पाहिले, असा याचा अर्थ मी लावतो. दुसऱ्या ठिकाणी उभे राहण्यासाठी त्या शास्त्राचे निकष वाचावे लागतात, त्यांतील कालमर्यादा मोजाव्या लागतात.

आणि येथेच आपल्या अधिकाराचा प्रश्न येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या संज्ञेत आयुर्वेदाचा समावेश आहे, तो मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील पदव्युत्तर पदवीधरांचा. माझ्यासारखा केवळ बी.ए.एम.एस. असलेला वैद्य त्यात येत नाही. हे काहींना अपमानास्पद वाटते. मला तसे वाटत नाही, कारण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने एखाद्या व्यक्तीला मानसिक आजार आहे हे ठरविण्यासाठी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त निकष, त्यांत आय.सी.डी.ची अद्ययावत आवृत्ती, यांचा आधार घ्यावयास सांगितले आहे. चिकित्सेशी थेट संबंधित कारणाखेरीज कोणाचेही असे वर्गीकरण करू नये, अशी मनाईही केली आहे. पूर्वी कधी उपचार झाले होते एवढ्यावरून आजही तो आजार आहे असे धरता येणार नाही, हेही तेथेच आहे. रुग्णाला आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क पंचविसाव्या कलमाने दिला आहे. म्हणजे आपण लिहिलेला कागद त्याच्या घरी जाणार, हे धरूनच लिहिले पाहिजे.

मग माझ्यासारख्याने काय लिहावे? ग्रामीण भागात मानसिक कष्टाने पीडित रुग्ण प्रथम आपल्याकडेच येतो. तो 'मन उदास आहे' असे म्हणत नाही. 'छातीत धडधडते, झोप नाही, गॅस डोक्यात चढतो' असे म्हणतो. त्याला परत पाठवून चालणार नाही आणि पहिल्याच भेटीत त्याच्यावर मोठ्या व्याधीचे नाव लादूनही चालणार नाही.

मला दिसलेला मार्ग दोन्ही शास्त्रांत आहे, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. चरक सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे ऐंशी नानात्मज विकार सांगितले आहेत. त्यांत विषाद आहे, अतिप्रलाप आहे, अस्वप्न आहे, अनवस्थितचित्तत्व आहे. कफाच्या वीसांत तंद्रा व निद्राधिक्य आहे. यांतील एकही उन्माद नव्हे. दोष वाढल्याची ती लक्षणरूप नोंद आहे. तिच्यावर चिकित्सा करता येते व ती करताना रुग्णाच्या कपाळी काही लिहिले जात नाही. आय.सी.डी.तही असेच एक दालन आहे. दहाव्या आवृत्तीत 'आर' अक्षराने सुरू होणारे प्रकरण केवळ लक्षणांचे आहे, त्यात 'आर ४५' हा गट भावनिक अवस्थेच्या लक्षणांचा. अकराव्या आवृत्तीत तेच काम एकविसावे प्रकरण करते. निदान निश्चित होईपर्यंत तेथील संकेतांक लिहावा हे त्या पद्धतीतही मान्य आहे. आपण त्या दालनात जातच नाही. शास्त्री-पंडितांसारखे थेट मोठ्या नावावर जाऊन बसतो, कारण मोठे नाव लिहिले की निदान केल्याचे समाधान मिळते. मलाही ते मिळाले होते.

अर्थात खरा उन्माद समोर उभा असताना 'अस्वप्न' लिहून दिवस काढणे हा तितकाच मोठा दोष होईल. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी शंका आली, अन्नपाणी सुटले, आत्मघाताचे विचार कानावर आले, तर तेथे नावाचा घोळ न घालता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे व पाठविल्याची वेळ कागदावर लिहावी. लक्षणांच्या नोंदीआड लपण्याची सवय लागू नये. तरुण मित्रांना भीती वाटते ती हीच, व ती रास्त आहे.

संकेतांकाचा एक दोषही सांगितला पाहिजे. 'एफ ४३.२' हे शेजाऱ्याला कळत नाही तसे रुग्णालाही कळत नाही. त्या मुलीला आपल्याला काय झाले होते हे दोन्ही कागदांवरून कळले नसावे. एकाने तिला घाबरविले, दुसऱ्याने काहीच सांगितले नाही. आकडा कागदावर लिहिला तरी त्याचा अर्थ तोंडी, मराठीत, तिच्या समोर बसून सांगणे हे काम शिल्लक राहतेच. त्याला दहा मिनिटे लागतात.

आता औषधालयांच्या मालक-बंधूंसाठी थोडे. आपल्या रसशास्त्रकारांनी औषधांना मोठ्या डौलाने नावे दिली. उन्मादरूपी हत्तीला सिंहासारखा तो उन्मादगजकेसरी! नाव ऐकूनच धीर यावा. पण त्या काळी संगणकाचे बिल नव्हते. आज हेच नाव बिलावर ठळक छापले जाते, पिशवीवर चिकटविले जाते, आणि कामावरचा मुलगा गर्दीत मोठ्याने हाक मारतो. महापैशाचिक घृताचे तर विचारूच नये. एका आजींनी ती बाटली घरात ठेवण्यास नकार दिल्याचे मला ठाऊक आहे. औषधाचे नाव बदलता येणार नाही, बिलावर ते द्यावेच लागेल. परंतु पुडीवर 'फिटसाठी', 'डोक्यासाठी' असे लिहिण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे ती आजच थांबविता येईल. पुडीवर मात्रा, अनुपान व वेळ पुरे. औषध कागदात गुंडाळून द्यावे, नाव हळू उच्चारावे. वैद्याने चिठ्ठीवर व्याधिनाम लिहून पाठविले असेल तर ती चिठ्ठी काउंटरवर खिळ्याला टोचून ठेवू नये. संकेतांकाच्या पद्धतीत चिठ्ठीवर व्याधिनाम लिहिण्याचे कारणच उरत नाही, हा औषधालयांच्या दृष्टीने तिचा मोठा लाभ आहे.

आपल्या संघटनेने केसपेपरचा एक नमुना छापून सभासदांना द्यावा अशी माझी विनंती आहे. मी स्वतः गेल्या वर्षी एक करून घेतला. वर रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत. खाली दोष, दूष्य, अधिष्ठान यांची संप्राप्ती. त्याखाली दोन चौकटी, एक 'नमस्ते'च्या संकेतांकाची व एक आय.सी.डी.ची, दोन्ही हाताने भरावयाच्या. मानसिक लक्षणांच्या रुग्णांत व्याधिनाम अक्षरात लिहीत नाही. प्रत्येक चौकटीपुढे 'निश्चित' आणि 'संशयित' अशी खूण करण्याची जागा व पुनर्विचाराची तारीख आहे. छपाई करणाऱ्याने विचारले की ही तारखेची ओळ कशाला, जागा जाते. मी ती ठेवावयास सांगितली.

पहिल्या तीन महिन्यांनंतर माझ्या मदतनीस बाईंनी कागद लावताना सहज म्हटले, "डॉक्टर, मनाच्या पेशंटच्या बहुतेक कागदांवर तुम्ही संशयितपुढेच खूण केली आहे. छापताना चुकलं तर नाही ना काही?" छपाईत चूक नव्हती. २०११ चा तो कागद अजून कपाटात आहे. त्यावर अशी खूण करण्याची जागा नव्हती, आणि मला तेव्हा ती लागलीही नव्हती.